काराव्हाज्जोचे मळके पाय, मारियाचं फुगलेलं पोट आणि चर्चने परत पाठवलेली चित्रं

खडूचित्र

काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराबद्दल मराठीत कुठेही वाचा, गोष्ट एकच असते. भांडखोर माणूस, कमरेला तलवार लावून फिरायचा, एकाचा खून केला, वेश्यांना समोर बसवून येशूची आई मारिया रंगवली, चर्च खवळलं आणि चित्रं परत पाठवली. यातलं बरंच खरं आहे. खून तर केलाच, २८ मे १६०६ ला, रानुच्चो तोमास्सोनी नावाच्या माणसाचा, आणि रोम सोडून जो पळाला तो परत रोमला कधी पोचलाच नाही, १६१० मध्ये वाटेतच गेला. पण या गोष्टीतून असा समज होतो की तो धर्माच्या विरुद्ध काहीतरी काढत होता आणि चर्चला वास्तव झेपत नव्हतं. मला हे अजिबात पटत नाही आणि त्यासाठीच हा धागा काढतोय.

आधी काळ बघा. ट्रेंटची धर्मसभा, म्हणजे कॅथलिक बिशपांची मोठी परिषद, १५६३ मध्ये संपली. तिकडे उत्तरेत प्रोटेस्टंट लोक चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडत होते, १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये तर त्याची लाटच आली. कॅथलिक चर्चने ठरवलं की चित्रं राहणार, पण ती अशी हवीत की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही श्रद्धेची गोष्ट कळेल, आणि त्यात कामुक, बेताल काही नको. म्हणजे साधं दाखवा आणि शोभेल असंही दाखवा. आता गालीलीतले कोळी कोळ्यांसारखे दाखवले तर ते साधं झालं, पण वेदीवर शोभलं का? पुढच्या पन्नासेक वर्षांतले बहुतेक वाद इथूनच निघालेत.

आता सगळ्यात गाजलेलं उदाहरण, 'मारियाचा मृत्यू'. १६०१ मध्ये लाएर्त्सियो केरुबिनी नावाच्या वकिलाने त्रास्तेवेरेमधल्या सांता मारिया देल्ला स्काला या चर्चमधल्या आपल्या चॅपलसाठी (चर्चच्या आतलं छोटं प्रार्थनास्थळ) हे चित्र काढायला सांगितलं. चर्च अनवाणी कार्मेलाइट साधूंचं. चित्र जवळजवळ ३.७ मीटर उंच, अडीच मीटर रुंद, आणि एवढ्या कॅनव्हासवर स्वर्ग कुठेच नाही. वर एक मोठा लाल पडदा लटकतोय आणि लाकडी छत दिसतंय. खाली तोकड्या बाजेवर मारिया, लाल झग्यात, पोट फुगलेलं, एक हात लोंबतोय, घोटे उघडे, पावलं बाजेच्या बाहेर आलेली. भोवती टक्कल पडलेले म्हातारे शिष्य, एकाने मुठीने डोळे झाकलेत. पुढे येशूची शिष्या मॅग्डालेन गुडघ्यांवर वाकून रडतेय आणि तिच्या पायाशी तांब्याचं घंगाळ. मला त्या घंगाळानेच पकडलं. घरात कोणी गेलं की पुढची कामं असतात, पाणी आणायचं, अंग पुसायचं, आणि रडणारीलाच ती करायची असतात. डोक्यामागे केसाएवढी तेजोवलयाची रेघ आहे, ती नसती तर ही येशूची आई आहे हे कळायला दुसरी काही खूण नाही.

साधूंनी चित्र नाकारलं. का? बाल्योने नावाचा त्याचा चरित्रकार लिहितो की मारिया फुगलेली आणि पाय उघडे दाखवले म्हणून. दुसरा चरित्रकार मान्चिनी लिहितो की तिच्यासाठी एका गणिकेला बसवलं होतं म्हणून. हे दोघंही त्याच काळातले, पण बाल्योने स्वतः चित्रकार, आणि १६०३ मध्ये त्याने काराव्हाज्जोवर बदनामीचा खटला भरला होता. म्हणजे ज्याच्या लिखाणातून आपल्याला हे किस्से मिळतात तो त्याचा उघड वैरी. हे बहुतेक लेखांत कोणी सांगतच नाही.

आणि माझ्या मते खरं कारण त्याच्या जागी लावलेल्या चित्रात सापडतं. काम कार्लो साराचेनीला मिळालं. त्याने मारियाला नीट बसवली, अंगभर वस्त्रं, हात जोडलेले, मागे भव्य इमारतीच्या कमानी. तेही नाकारलं! मग त्याने त्या कमानी काढून तिथे देवदूतांचा मेळा भरला आणि ते पास झालं. आता साराचेनीच्या मारियात ना गणिका, ना उघडे पाय, ना फुगलेलं पोट, तरी पहिलं परत आलं. म्हणजे साधूंना अडचण वास्तवाची कमी आणि रिकाम्या छताची जास्त होती. मारिया मेली हे दाखवा, चालेल, पण तिला वर नेणारं कोणीतरी दाखवा.

इकडे नाकारलेलं चित्र कोणी उचललं ते बघा. चित्रकार रूबेन्स, स्वतः पक्का कॅथलिक, रोज प्रार्थना करणारा माणूस, त्याने मान्तुआच्या ड्यूकला हे घ्याच म्हणून सांगितलं. एप्रिल १६०७ मध्ये मान्तुआला रवाना करण्याआधी ते रोममध्ये आठवडाभर बघायला ठेवावं लागलं, कारण तिथल्या चित्रकारांना ते बघायचं होतं. पुढे इंग्लंडचा पहिला चार्ल्स, मग त्याचा शिरच्छेद झाल्यावर लिलाव, मग फ्रान्सचा चौदावा लुई, आता पॅरिसचं लूव्र संग्रहालय. माझं म्हणणं एवढंच की हे चित्र श्रद्धा नसलेल्याने काढलंय असं मला वाटतच नाही. मारियाच्या मरणावर इतका विश्वास ठेवून दुसऱ्या कोणी काढलंय का? तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?

निशिगंधा

खूप दिवसांनी इथे कलेवर धागा आला, बरं वाटलं. पण मी साधूंच्या बाजूने बोलणार आहे, कारण तुमच्या लेखात त्यांची बाजू नीट आलेली नाही असं मला वाटतं.

वेदीवरचं चित्र हे बघायचं चित्र नसतं हो. त्याच्यासमोर रोज मिस्सा (कॅथलिकांची उपासना) होणार, कोणाची तरी आई गेलेली असणार, ती बाई येऊन तिथे गुडघे टेकणार आणि वर बघणार. तिला काय दिसलं पाहिजे? मारियाला सदेह स्वर्गात नेलं ही श्रद्धा फार जुनी, अधिकृत सिद्धांत म्हणून ती १९५० मध्ये जाहीर झाली ते सोडा, १६०१ मधले साधू ती मानतच होते. त्यांच्या लेखी हे मरण वेगळं होतं, त्या देहाला कुजणं नव्हतं. आणि चित्रकाराने नेमकं फुगलेलं प्रेत दाखवलं. म्हणजे त्याने फक्त सभ्यता मोडली असं नाही, त्या श्रद्धेच्या गाभ्यालाच हात घातला. नाकारणाऱ्यांना अडाणी समजायचं कारण नाही, उलट त्यांनी चित्र फार नीट वाचलं.

आणि एक विचारायचं होतं, ते टायबर नदीत बुडून मेलेल्या वेश्येचं प्रेत समोर ठेवून काढलं म्हणतात ते खरं का? कॉलेजात आम्हाला असंच सांगितलं होतं.

खडूचित्र

निशिगंधाताई, तुमचा पहिला मुद्दा मान्य, साराचेनीच्या दोन चित्रांवरून मीही तिथेच येत होतो, तुम्ही जास्त नेमकं मांडलंत. फक्त एक, त्याने तिला वय मात्र दिलेलं नाही. येशूच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी मारिया गेली असं मानतात, म्हणजे म्हातारी हवी, पण चित्रात ती तरुण आहे. फक्त वास्तवच दाखवायचं असतं तर सुरकुत्या घालायला त्याचं काय जात होतं, शेजारचे शिष्य बघा, सगळे सुरकुतलेले. म्हणजे तिचा देह वेगळा आहे हे त्यालाही सांगायचं होतं असं मला वाटतं.

टायबरचं प्रेत ही नंतरची भर आहे. मान्चिनी गणिका म्हणतो, तीही जिवंत. नंतरचा चरित्रकार बेल्लोरी १६७२ मध्ये लिहितो की फुगलेल्या मृत बाईची जास्तच हुबेहूब नक्कल केली. या दोन वाक्यांची बेरीज करून कोणीतरी नदी आणली.

तेलरंग

मी जेजेतून पेंटिंग केलंय, आता शिकवतो. सगळे विषयावरच बोलतायत म्हणून जरा कामाच्या बाजूने लिहितो, कारण हा वास्तवपणा त्या कामाच्या पद्धतीतून आलाय.

तेव्हाची रीत अशी की आधी कागदावर ढीगभर स्केचेस, मग मोठा कच्चा आराखडा, मग तो भिंतीवर नाहीतर कॅनव्हासवर उतरवायचा. या मधल्या प्रवासात माणूस आपोआप सुंदर होत जातो, प्रत्येक वेळी रेघ थोडी सुधारते, नाक सरळ होतं, पोट आत जातं. काराव्हाज्जोचं एकही खात्रीचं रेखाचित्र आज मिळत नाही. त्याच्या कॅनव्हासवर काय मिळतं तर ओल्या अस्तरात (कॅनव्हासवरचा पहिला थर) ब्रशच्या मागच्या टोकाने किंवा तसल्याच कशाने ओढलेल्या खुणा, इथे कान, इथे खांदा. म्हणजे मॉडेल बसवलं, जागा पक्की करायला खुणा केल्या की मॉडेल विश्रांती घेऊन परत त्याच जागी बसू शकेल, आणि थेट रंगवायला घेतलं. मधली सुधारणेची पायरीच गायब. नखातला मळ राहिला कारण तो पुसायला मध्ये कोणी नव्हतं.

दुसरं अस्तर. गडद तपकिरी अस्तरावर तो काम करायचा, अंधार आयता मिळतो, फक्त उजेड रंगवायचा. आणि उजेड वरून, एका बाजूने. १६०४ मध्ये त्याने जे घर भाड्याने घेतलं त्याच्या करारात छताचा काही भाग उघडायची परवानगी लिहिलेली आहे आणि पुढच्या वर्षी भाडं थकलं म्हणून घरमालकिणीने तक्रार केली त्यात मोडलेल्या छताचाही उल्लेख येतो. माणसं भांडणाचा किस्सा म्हणून हे सांगतात, मी माझ्या विद्यार्थ्यांना हे स्टुडिओ लायटिंगचा पुरावा म्हणून सांगतो.

आणि हेही सांगतो की हा वास्तवपणा मांडलेला आहे. एवढा उजेड खऱ्या खोलीत कधी असा पडत नाही. मॅग्डालेनच्या मानेवर आणि मारियाच्या चेहऱ्यावरच तो पडतो कारण त्याला तो तिथे हवाय.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात या वादाचा एक सख्खा भाऊ आहे तो सांगतो. आंजेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, सांतो इस्तेव्हाव म्हणजे आमचं जुवे. शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकून परत आला आणि मारियाला साडी नेसवली, रंग सावळा, बसणं-उठणं आमच्या बायकांसारखं. गोव्यातल्या बऱ्याच कॅथलिक मंडळींना ते रुचलं नाही, इतकं की त्याला गोवा सोडावा लागला, आणि तो पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून आयुष्यभर काढत राहिला. १९६७ मध्ये पुण्यातच गेला. आता त्याची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत, जरूर बघा.

शैलीत दोघांत काहीच साम्य नाही, फोन्सेकाकडे अंधार नाही, मळ नाही, सगळं शांत. पण लोकांची हरकत तीच होती, देवाची आई आमच्या शेजारणीसारखी कशी दिसेल? आम्ही जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या सोनेरी वेदीखाली वाढलो, तिथे पवित्र म्हणजे झगमगीत आणि पोर्तुगालहून आलेलं असं डोळ्यांना वळणच पडलं होतं. मला वाटतं रोममधल्या माणसांच्या डोळ्यांना राफाएल या चित्रकाराने असंच वळण लावलं होतं.

प्रश्नचिन्ह

चांगला धागा, पण मला "नाकारली नाकारली" हा हिशोब जरा तपासायचाय. कोणती चित्रं खरंच परत गेली आणि कोणती फक्त गाजली?

संत मॅथ्यूचं घ्या. सान लुइजी दे फ्रांचेझी चर्चमध्ये कोंतारेल्ली चॅपलच्या वेदीसाठी त्याने पहिल्यांदा काढलेला मॅथ्यू शेतकऱ्यासारखा, पायावर पाय टाकून बसलेला, एक पाऊल थेट समोर आलेलं, आणि शुभवर्तमान लिहिताना देवदूत त्याचा हात धरून गिरवतोय. बेल्लोरी म्हणतो की कोणालाच आवडलं नाही, संतासारखा दिसत नाही, पाय उद्धटपणे लोकांसमोर. मग १६०२ मध्ये दुसरं काढलं, ज्यात मॅथ्यू भगव्या झग्यात स्टुलावर गुडघा टेकून आहे आणि देवदूत वरून बोटांवर मुद्दे मोजून सांगतोय. पण दुसऱ्यातही तो अनवाणीच आहे! मग हरकत पायाची होती की देवदूत हात धरून लिहून घेतो याची? पहिलं चित्र मार्की जुस्तिनियानीने लगेच घेतलं, पुढे ते बर्लिनला गेलं आणि १९४५ मध्ये आगीत नष्ट झालं, आता फक्त काळेपांढरे फोटो. त्यामुळे ज्या पायावर एवढा वाद, तो कसा रंगवला होता हे बघायची सोयच उरली नाही. पहिलं तात्पुरतंच लावलं होतं असंही काही अभ्यासक म्हणतात.

उलट खरंच वेदीवर गेलं आणि काही दिवसांत उतरलं असं म्हणजे १६०६ चं पालाफ्रेनिएरीचं चित्र. पोपच्या तबेल्यातल्या सेवकांची ती संस्था, वेदी थेट सेंट पीटर्समध्ये. मारिया झगा वर खोचून वाकलीय, गळा खोल, शेजारी तिची आई, सुरकुतलेली संत आन्ना, आणि तान्हा नव्हे तर जरा मोठा झालेला बाळ येशू, पूर्ण नागडा. मारियाचं पाऊल सापावर आणि येशूचं पाऊल तिच्या पावलावर. आता हे बघून कोणी म्हणेल बेताल आहे, पण ती दोन पावलं म्हणजे त्या काळच्या वादाचं उत्तर आहे. बायबलमधल्या सापाचं डोकं चिरडणार कोण, मारिया की तिचा मुलगा, यावर प्रोटेस्टंट आणि कॅथलिक भांडत होते, आणि पोप पायस पाचव्याने १५६९ मध्ये मारियाने मुलाच्या साहाय्याने असा मार्ग सांगितला होता. काराव्हाज्जोने तेच शब्दशः पावलांत दाखवलं. धर्मशास्त्र बरोबर आणि तरी चित्र उतरलं. ते घेतलं कोणी? शिपियोने बोर्गेसे, कार्डिनल आणि पोपचा भाचा.

खडूचित्र

@प्रश्नचिन्ह हेच तर! घेणारे सगळे चर्चच्याच आतले नाहीतर त्यांच्या जवळचे. कार्डिनल आपल्या घरात लावतो आणि वेदीवर नको म्हणतो, यात मला तरी लबाडी दिसत नाही. घरात बघणारा माणूस शिकलेला, त्याला दोन पावलांचा अर्थ कळतो, वेदीसमोरच्या माणसाला कदाचित फक्त गळा दिसेल.

पण मी एक उलटं उदाहरण देतो, ते या हिशोबात बसत नाही. सांत आगोस्तीनोमधली 'लोरेतोची मारिया'. मारियाचं घर देवदूतांनी उचलून लोरेतोला आणलं अशी आख्यायिका, म्हणून रीतीप्रमाणे देवदूत ते घर उचलून उडतायत असं दाखवायचं. याने एक दार दाखवलं, पोपडे निघालेली भिंत, उंबऱ्यावर अनवाणी मारिया कडेवर बाळ घेऊन उभी, समोर दोन म्हातारे यात्रेकरू गुडघे टेकून. बाईची टोपी फाटकी, बुवांचे तळवे मातीने काळे, आणि ते बरोबर आपल्या डोळ्यांसमोर. बाल्योने लिहितो की सामान्य लोकांनी यावर मोठा कलकलाट केला. ठीक आहे, केला असेल, कौतुकाने की रागाने हेही त्यातून स्पष्ट होत नाही. पण चित्र उतरवलं नाही, आजही त्याच चॅपलमध्ये आहे.

आणि तेव्हाचं रोम आठवा. १६०० च्या जयंती वर्षात (कॅथलिकांचं पवित्र यात्रेचं वर्ष) लाखो यात्रेकरू चालत आले, आणि त्रिनिता देई पेल्लेग्रीनी नावाच्या संस्थेत उमराव आणि कार्डिनल बसून त्यांचे पाय धूत होते. पाय धुणं हा भक्तीचाच भाग होता. ज्या शहरात मोठी माणसं हे पाय हातात घेत होती तिथे तेच पाय चित्रात आले तर त्यात धर्माचा अपमान कसला? ते गुडघे टेकलेले दोघं रोज खाली गुडघे टेकणाऱ्यांतलेच होते.

नेपल्समध्ये तर आणखी पुढे. 'दयेची सात कृत्यं', १६०७, पिओ मोंते देल्ला मिसेरिकोर्दियाच्या वेदीसाठी. त्यात तुरुंगाच्या गजांतून मुलगी म्हाताऱ्या बापाला स्वतःचं दूध पाजतेय, कोपऱ्यातून प्रेत नेतायत त्याचे फक्त पाय दिसतात. एवढं सगळं मुख्य वेदीवर, आणि त्या संस्थेने ते कधीच विकायचं नाही असं ठरवलं. आजही तिथेच आहे. ती संस्थाच गरिबांना जेवण देणारी, मेलेल्यांना पुरणारी, त्यांना हे रोजचं होतं.

शिकागोकर

स्पेनचा विषय आला नाही म्हणून लिहितो. इथे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये झुर्बारान या स्पॅनिश चित्रकाराचा १६२७ चा क्रूसावरचा ख्रिस्त आहे, सेव्हियामधल्या डोमिनिकन साधूंसाठी काढलेला. मागे काळाभोर अंधार, शरीर इतकं खरं की पहिल्यांदा मला ते शिल्पच वाटलं. लहान मुलाला घेऊन गेलो होतो, तो बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग विचारलं की याला खाली कोणी उतरवत का नाही. मला उत्तर देता आलं नाही.

मुद्दा असा की तिकडे वास्तवपणावर हरकत नव्हती, तपशिलावर होती. पाचेको, चित्रकार वेलास्केझचा गुरू आणि सासरा, त्याला १६१८ मध्ये इन्क्विझिशनने (चर्चचं धर्मन्यायालय) सेव्हियामधल्या धार्मिक चित्रांवर नजर ठेवायला नेमलं होतं. त्याचा हट्ट असा की ख्रिस्ताला तीन नाही, चार खिळे हवेत, दोन्ही पायांना वेगळे. झुर्बारानच्या या चित्रात चार आहेत, वेलास्केझच्या ख्रिस्तातही चार. रक्त, मृत कातडीचा रंग, लोंबणारी मान हे सगळं चालायचं, किंबहुना हवंच होतं, कारण पश्चात्ताप जागवायचा तर वेदना दिसली पाहिजे. म्हणजे "चर्चला वास्तव नको होतं" हे वाक्य रोमच्या काही चॅपल्सपुरतंसुद्धा पूर्ण खरं नाही आणि स्पेनला तर लागूच नाही.

निशिगंधा

वाचत गेले आणि माझं मत थोडं सरकलं, पूर्ण नाही. शिकागोकर म्हणतात ते बरोबर, ख्रिस्ताची वेदना चालते कारण तिच्यापुढे पुनरुत्थान आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं. कोणी क्रूसाच्या चित्रात वर देवदूत मागत नाही. मग मारियाच्या मरणात ते का मागितले? मला वाटतं म्हणजे त्या गोष्टीची तेवढी खात्री अजून लोकांत पक्की नव्हती, म्हणून चित्राने ती द्यावी अशी अपेक्षा. हे तुमच्या रिकाम्या छताच्या मुद्द्याशी जुळतंय.

पण मॅग्डालेनचं घंगाळ मला झोपू देईना. माझ्या आजीच्या वेळी मी तेच केलंय. तुमच्या लेखानंतर चित्र मोठं करून बघितलं, मॅग्डालेनचा चेहरा दिसतच नाही, फक्त वळवलेल्या वेण्या आणि मान. दुःख दाखवायला चेहरा लागत नाही हे त्याला माहीत होतं.

पुढच्या महिन्यात रोमला जातेय. देल्ला स्कालामध्ये आता काय आहे?

खडूचित्र

साराचेनीचं देवदूतवालं चित्र अजून तिथेच आहे. आधी ते बघा, सावकाश, वर देवदूत कसे भरलेत ते. मग नदी ओलांडून सांत आगोस्तीनो आणि तिथून सान लुइजी अगदी जवळ, चालत होतं. सुट्टी नाणी जवळ ठेवा, अशा चॅपल्समध्ये पेटीत नाणं टाकल्यावर दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. दुपारी बरीच चर्चेस बंद असतात, त्यामुळे सकाळीच निघा. मूळ चित्रासाठी मात्र पॅरिसच.

तेलरंग

आणि ताई, लोरेतोच्या मारियासमोर उभं न राहता खाली वाका, यात्रेकरूंच्या उंचीवर. चित्र त्या उंचीवरून बघायला काढलंय, तळवे तिथून वेगळेच दिसतात. बघून आलात की इथेच लिहा.